भारती गायकरचं नाव नसलेली समिती

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नव्या टॉवरांच्या मधे पालिकेचं एक मोठं सभागृह आहे. पाटीवर त्याचं नाव 'बहुउद्देशीय सांस्कृतिक व अधिवेशन केंद्र' असं आहे, पण रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे त्याला सेंटर म्हणतात. भारती गायकर त्याला 'आपलं सेंटर' म्हणायची. तसं म्हणायचा हक्क आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्तच आहे, असं तिला वाटायचं.

भारती पालेगावचीच. तिच्या वडिलांचं भाताचं शेत होतं तिथे आता बिल्डरचं ऑफिस आहे, काचेचं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं ती उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जायची. प्रगती शेलार तिला तिथेच भेटली. साताऱ्याकडून नुकतीच लग्न होऊन आलेली, कुणी मोठ्याने बोललं तरी दचकणारी. भारतीने तिला मशीन शिकवलं. शेअर रिक्षात कुठल्या बाजूला बसायचं ते शिकवलं, आणि शेठ ओरडला की मान खाली न घालता कसं उभं राहायचं तेही. पुढे कारखाना बंद पडला. भारती घरी ब्लाउज शिवू लागली, प्रगतीने बचत गट काढला. दोघींची घरं हाकेच्या अंतरावर. दिवाळीचा फराळ असो की गौरीचा नैवेद्य, एकीचं ताट दुसरीकडे गेल्याशिवाय सण व्हायचा नाही.

सेंटर बांधून झाल्यावर ते चालवायला एका ठेकेदाराकडे दिलं गेलं. महिला मंडळाने मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी तारीख मागितली, तर तारीख नाही. शाळेने मागितली, तारीख नाही. लग्नं आणि साड्यांचे सेल यातून सेंटर मोकळं होईना.

"आपल्या घरपट्टीतून बांधलंय ना? मग आपणच बाहेर उभं राहून रोषणाई बघायची?" असं म्हणून भारती एका सकाळी सेंटरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. बघता बघता चाळीतल्या, बिल्डिंगींतल्या बायका येऊन बसल्या. त्या दिवशी नेमकं मोठं लग्न होतं. नवरीची मावशी भरजरी साडी सावरत भारतीवर खेकसली, "ये क्या तमाशा है?" भारतीने सरकून जागा केली आणि म्हणाली, "तमाशा नहीं मौसी. बैठो. आपकी भी लडकी का सालगिरा इधर नहीं होगा, तो कल आप भी बैठोगे." मावशी खरंच टेकली, आणि सगळ्या पायऱ्यांवर हशा पिकला. प्रगतीही होती त्या बायकांत. मागे, पाण्याच्या बाटल्या वाटत.

दुपारपर्यंत अधिकारी आले. बोलणी झाली, आणि पुढे दोन गोष्टी मंजूर झाल्या. दर महिन्याला काही तारखा स्थानिकांसाठी राखीव राहणार, आणि ठेकेदारावर लक्ष ठेवायला नागरिकांची देखरेख समिती नेमणार. समितीतल्या माणसाने केव्हाही सेंटरमध्ये जावं, काहीही उघडून बघावं, धोका दिसला तर चालू कार्यक्रम थांबवायला सांगावं. महिन्यातून एकदा समितीने वरच्या छोट्या हॉलमध्ये उघडी बैठक घ्यायची आणि कुणीही येऊन तिला प्रश्न विचारायचे.

भारतीने त्या आठवड्यात स्वतःसाठी एक कॉटनची साडी काढून इस्त्री करून ठेवली. बैठकीला शोभेल अशी.

नावं जाहीर झाली तो निरोप शेजारच्या काशीने आणला. दारातूनच ओरडली, "भारते, ऐकलंस का? आपली प्रगती लागली समितीवर!"

"अजून कोण कोण?"

काशीने नावं सांगितली. एक निवृत्त इंजिनिअर, एक नाटकवाले, एक वकील, एक रिक्षा युनियनचा माणूस. भारतीने ती संपायची वाट पाहिली. मग म्हणाली, "बरं झालं. चांगली आहे प्रगती." आणि मशीनवर बसून तिने एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली.

संध्याकाळी प्रगती पेढे घेऊन आली. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, त्यावर तिचा फोटो. "मला काहीच कळत नाही गं यातलं," ती म्हणाली. "तूच सांग काय काय बघायचं असतं."

"तुला निवडलंय म्हणजे कळत असेलच," भारती म्हणाली. पेढ्यांचा बॉक्स तिने फ्रिजवर ठेवला. तो तिथेच राहिला, मुंग्या लागेपर्यंत. शेवटी तिच्या नवऱ्याने, हिरामणने, तो झटकला आणि त्यातले चांगले निघाले ते खाल्ले. तेवढ्यावरून भारती त्याच्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

त्यानंतर भारती एकही उघडी बैठक चुकवेना. पहिल्या रांगेत, प्रगतीच्या बरोबर समोर बसायची. लोकांना वाटायचं, मैत्रिणीला धीर द्यायला येते. खरं तर ती वाट बघत असायची. प्रगती अडखळेल, चुकीचं बोलेल, रडवेली होईल, मग मागून कुणीतरी म्हणेल, इथे भारतीताई पाहिजे होत्या. प्रश्नसुद्धा ती घरून तयार करून न्यायची. बायकांच्या बाथरूमला लग्न नसलं की कुलूप का? स्थानिकांचा कार्यक्रम असला की एसी मध्येच कसा बंद पडतो?

प्रगती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मला माहीत नाही. बघते आणि पुढच्या वेळी सांगते." पुढच्या वेळी खरंच सांगायची. बाथरूमचं कुलूप निघालं. एसी चालू राहू लागला. लोक खूश होते. "किती साधी बाई आहे, येत नाही तर येत नाही म्हणते," असं भारतीच्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी भारतीलाच सांगितलं. भारतीला वाटलं, मी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर हेच लोक म्हणाले असते, मग कशाला बसलीस तिथे?

सगळंच तिला टोचायला लागलं. भाजीवाला प्रगतीला मॅडम म्हणू लागला ते. माईकवर प्रगतीचा आवाज छान लागतो ते. एकदा हिरामण जेवता जेवता म्हणाला, "प्रगती काय मुद्देसूद बोलायला लागलीय गं. पहिली कशी होती, आठवतं?"

"आठवतं ना," भारती म्हणाली. "मीच शिकवलंय तिला बोलायला."

"तेच म्हणतोय मी."

"नाही, तुम्ही ते नाही म्हणत."

हिरामणने आमटी वाढून घेतली. कंपनीत वर्षानुवर्षं शिफ्ट केलेला माणूस, कुठल्या मशीनला कधी हात लावायचा नाही हे त्याला कळत होतं.

डिसेंबरात सेंटरमध्ये साड्यांचा सेल लागला. भारती अस्तराचं कापड बघायला गेली. गर्दीतून वाट काढत बाथरूम शोधताना ती चुकून रंगमंचाच्या बाजूच्या बोळात शिरली. हॉलच्या डाव्या भिंतीला संकटकाळी बाहेर पडायचं मोठं दार आहे, त्याच्या बाहेरच्या बाजूला हा बोळ येतो. तिथे लग्नांचं सामान खचाखच भरलेलं होतं. नवरा-नवरीचे लाल सोफे एकावर एक, प्लास्टिकच्या फुलांच्या कमानी, थर्माकोलचे हत्ती. आणि दाराच्या दोन कड्यांतून जाड साखळी ओवून तिला कुलूप घातलेलं.

मागून सेंटरचा मॅनेजर सुजित आला. "ताई, इकडे कुठे? बाथरूम त्या साइडला."

"हे दार बंद का?"

"अहो, लग्नात फुकटे घुसतात इथून. जेवून जातात. म्हणून लॉक करतो. टेन्शन नका घेऊ, चावी असते."

"कुणाकडे?"

"असते कुणाकडे तरी," सुजित हसून म्हणाला आणि फोन आला म्हणून निघून गेला.

भारती तिथेच उभी राहिली. मागच्याच बैठकीत प्रगतीने माईकवर सांगितलं होतं, "सगळी बाहेर पडायची दारं मी स्वतः बघितली. मोकळी आहेत." भारतीला तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला. तिने मोबाइल काढला आणि सोफ्यांचा फोटो घेतला, साखळीचा घेतला, लांबून एक घेतला. किती महिन्यांनी तिला इतकं हलकं वाटत होतं. अस्तर न घेताच ती घरी आली. हिरामणला तिने स्वतःहून कांदाभजी करून घातली.

सांगायचं ते पुढच्या उघड्या बैठकीत, भरल्या हॉलमध्ये, असं तिने ठरवलं. बैठक संक्रांतीनंतर होती. तोवर प्रगती रस्त्यात भेटली, घरी आली, एकदा तर ब्लाउजचं माप द्यायला तिच्यासमोर हात पसरून उभी राहिली. भारती टेप धरून माप घेत होती आणि जिभेवर आलेलं गिळत होती. "काय गं, हसतेस का?" प्रगतीने विचारलं. "काही नाही," भारती म्हणाली. "जाड झालीस."

बैठकीच्या आधीच शाळेचं स्नेहसंमेलन आलं. राखीव तारखांमुळे या वर्षी ते पहिल्यांदाच सेंटरमध्ये होतं. भारतीची नात राजसी मोर होणार होती. पिसारा भारतीनेच शिवला होता, निळ्या-हिरव्या सॅटिनच्या तुकड्यांचा. संध्याकाळी ती आणि हिरामण गेले तेव्हा हॉल तुडुंब भरला होता. एका मुलामागे आजी, आजोबा, काका, मावशी. खुर्च्या संपल्या, लोक पायऱ्यांवर बसले, मागच्या दारात तर मुंगी शिरायला जागा नव्हती. तिथे बाप मंडळी मोबाइल उंच धरून उभी होती.

दिवे मालवले. रंगमंचावर धुराचं मशीन सोडलं, पांढरा धूर पहिल्या रांगेपर्यंत आला आणि पोरं खिदळली. अंधारात फक्त डाव्या बाजूच्या दारावरची लाल पाटी पेटलेली दिसत होती. 'बाहेर'. त्या दाराजवळ बालवाडीतली पोरं सतरंजीवर मांडी घालून ओळीने बसली होती.

भारतीला त्या दारामागचे सोफे दिसायला लागले. तिने मान वळवून रंगमंचाकडे बघितलं. मोर आले. राजसी तिसरी होती, पिसारा छान पसरला होता. हिरामण म्हणाला, "बघ, बघ." भारती बघत होती आणि तिला नात दिसत नव्हती. हा खराच धूर असता तर? एवढी माणसं त्या मागच्या एका दारातून निघणार कशी? आणि हे या सगळ्या हॉलमध्ये तिला एकटीला माहीत होतं. कित्येक दिवस माहीत होतं.

ती उठली. लोकांचे पाय तुडवत, शिव्या खात बाहेर आली. सुजित ऑफिसात चहा पीत होता.

"ते दार उघडा. आत्ता."

"ताई, प्रोग्राम संपू दे ना. सामान हलवायला पोरं नाहीत आज."

"चावी द्या मग."

"चावी डेकोरेटरकडे आहे. तो कल्याणला गेलाय. आणि तुम्ही कोण? समितीवर आहात का?"

ती समितीवर नव्हती. तेच तर सगळं दुखणं होतं. फोन हातात घेऊन ती पॅसेजमध्ये क्षणभर उभी राहिली आणि मग तिने प्रगतीचा नंबर लावला.

प्रगती रिक्षाने आली ती घरातल्या गाउनवर ओढणी घेऊन, गळ्यात ओळखपत्र अडकवून. भारतीने तिला बोळ दाखवला. प्रगतीने साखळीला हात लावला, जणू ती खरी आहे का ते बघत होती. "मी आतून बघितलं होतं," ती हळूच म्हणाली. "लाल दिवा लागत होता. ढकलून नाही बघितलं." मग तिने विचारलं, "तू कधी बघितलंस?"

"सेल होता तेव्हा."

प्रगतीने तिच्याकडे नुसतं बघितलं. वळली आणि सरळ रंगमंचावर गेली.

संगीत बंद झालं, दिवे लागले. गाउनमधली बाई माईकवर आलेली बघून लोक आधी हसले, मग चिडले. "आमच्या मुलांचा डान्स आहे!" कुणी ओरडलं. प्रगती हटली नाही. "हे दार उघडेपर्यंत कार्यक्रम होणार नाही. मला शिव्या द्या, पण आधी लहान मुलांना घेऊन बाहेर पटांगणात चला. हळूहळू. धावू नका." आणि मग म्हणाली, "ज्यांच्या अंगात ताकद आहे त्यांनी बोळात यावं, सोफे उचलायला."

लोक बाहेर पडले, तर तेवढ्यालाच इतका वेळ लागला की ओरडणारे आपोआप गप्प झाले. बापांनी सोफे उचलून पटांगणात मांडले. एका रिक्षावाल्याने कुठूनतरी लोखंडी कटर आणला आणि साखळी तोडली. दार उघडलं तेव्हा गार वारा थेट आत आला. मग कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, पण राजसीचा पिसारा गर्दीत फाटला होता. ती भारतीच्या कुशीत मुसमुसत राहिली. दुसऱ्यांदा नाचायला ती गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर एकच फोटो फिरत होता. तुटलेली साखळी हातात धरलेली प्रगती. खाली लिहिलेलं, 'आपल्या लेकरांना वाचवणारी वाघीण'. कुणी वाचवलं नव्हतं, काही पेटलंच नव्हतं. पण काशीने तो फोटो भारतीला तीनदा पाठवला. भारतीने तो मोठा करून बघितला. कडेला एक कोपर दिसत होतं. ते तिचं होतं.

संक्रांतीनंतरच्या बैठकीला पाय ठेवायला जागा नव्हती. ठेकेदाराला दंड झाला, सुजितची बदली झाली. कार्यक्रम चालू असताना बाहेर पडायच्या दारांना कुलूप लावायला बंदी घातली. मग प्रगती उभी राहिली. "मी दारं मोकळी आहेत असं याच माईकवर सांगितलं होतं. ते चूक होतं. मी दार ढकलून बघितलं नव्हतं. हे भारती गायकर यांनी बघितलं. माझं कौतुक करू नका, त्यांचं करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भारतीला उभं राहावं लागलं. टाळ्या तिच्यासाठी होत्या, आणि तरी तिला जाणवत होतं की लोकांच्या डोळ्यांत प्रगतीच मोठी झाली आहे. हिला चूकसुद्धा किती सुरेख कबूल करता येते! आपल्याला ते कधीच जमलं नसतं. एवढं सगळं होऊनही पोटातली आग विझलेली नव्हती, उलट तिला नवं लाकूड मिळालं होतं.

बैठक संपल्यावर तिने प्रगतीला जिन्यात गाठलं.

"सगळं का नाही सांगितलंस? मी मुद्दाम गप्प बसले होते. तुला चारचौघांत पाडायचं होतं मला."

"माहीत आहे."

"मग बोल ना! भांड!"

प्रगती जिन्याच्या कठड्याला टेकली. "मी काय भांडू? समिती नेमायच्या आधी पालिकेच्या साहेबांनी मला बोलावलं होतं. बचत गटातून नाव पाहिजे होतं त्यांना. ते म्हणाले, त्या पायऱ्यांवर बसलेल्या बाई कशा आहेत? मी म्हटलं, भांडखोर आहेत, समितीत जमायचं नाही. मग माझं नाव लागलं."

भारतीला आधी ते समजलंच नाही. "तू? तू असं म्हणालीस?"

"कारखान्यात तू पुढे, मी मागे. पायऱ्यांवर तू पुढे, मी पाणी वाटायला. नवरीच्या मावशीला बोललीस ते लोक अजून सांगतात. मला वाटलं, एकदा तरी... एकदा तरी मी."

भारती जिना उतरून गेली. होळीपर्यंत दोघींचं बोलणं बंद होतं. ताट गेलं नाही, आलं नाही. भारतीला राग होता, पण त्या रागात एक विचित्र गोष्ट मिसळली होती आणि ती एकदा शिवता शिवता तिच्या लक्षात आली. आपला कुणी एवढा हेवा करत होतं, इतकी वर्षं, आणि आपल्याला पत्ताच नव्हता. हे आठवलं की तिला रागातसुद्धा जरा बरं वाटायचं. हिरामणला तिने यातलं काही सांगितलं नाही.

होळीला प्रगतीच आली, पुरणपोळ्या घेऊन. भारतीने डबा हातात घेतला, फ्रिजवर ठेवला नाही. "तूप कमी आहे," एवढंच म्हणाली. तिथून बोलणं सुरू झालं, पूर्वीसारखं नाही, पण सुरू झालं.

समितीची मुदत संपली तेव्हा प्रगतीने पुन्हा राहायला नकार दिला आणि भारतीचं नाव दिलं. या वेळी ते लागलं. निळ्या फितीचं ओळखपत्र भारतीच्या गळ्यात आलं. काम तिने जीव तोडून केलं, अजून करते. प्रत्येक दार ती ढकलून बघते, जनरेटरच्या खोलीत शिरते, नव्या मॅनेजरला तिच्या चपलांचा आवाज ओळखू येतो. उघड्या बैठकीत लोक तिलाही प्रश्न विचारतात, आणि 'माहीत नाही' म्हणताना अजून तिची जीभ अडते.

परवा राखीव तारखेला बदलापूरच्या हौशी मंडळींचं विनोदी नाटक होतं. हॉल भरला होता. भारती ओळखपत्र घालून मागे उभी होती, पायऱ्यांवर बसणाऱ्यांना उठवत. मधल्या रांगेत प्रगती आणि काशी बसल्या होत्या. प्रगती इतकी हसत होती की तिने पदर तोंडात कोंबला होता. तिला कुणी काही विचारत नव्हतं, तिला कुठलं दार बघायचं नव्हतं. समितीवर आल्यापासून भारतीने एकही नाटक सलग बघितलं नव्हतं. प्रगतीच्या त्या हसणाऱ्या पाठीकडे बघताना तिच्या पोटात पुन्हा तेच ओळखीचं काहीतरी पेटलं.

मध्यंतरात प्रगती वडा खात तिच्याजवळ आली. "काय धमाल आहे गं! तो नवरा कपाटात लपतो तेव्हा..."

"मला नको सांगू. मी जनरेटरपाशी होते."

"बरं, नाही सांगत."

भारतीने तिच्या हातातला अर्धा वडा काढून घेतला. तो दोन घासांत संपवला. शेवटी भारतीलाच राहवेना.

"कपाटात लपला, मग?"

प्रगती हातवारे करून सांगू लागली. भारती ऐकत होती, हसतही होती, आणि तिसरी घंटा झाल्यावर डाव्या दारापाशी खुर्ची टाकून बसलेल्या एका माणसाला उठवायला गेली.